पडद्यांवर सोफा फुकट

"घर उभं करायला असा कितीसा वेळ लागतो? सकाळी हात घाला, संध्याकाळी आत बसून चहा प्या!"

हे वाक्य तंद्रीनाथ अशा रुबाबात टाकायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, अर्धं शहर यानंच वसवलंय! आणि मंडळी, अगदीच थाप नव्हती ती. प्रदर्शनातला गाळा असो, महिनाभरापुरतं थाटलेलं दुकान असो, नाहीतर शोरूमची दर्शनी काच असो, त्याचा छोटासा स्टुडिओ ते बघता बघता उभं करायचा. प्लायवूडच्या भिंतीला तो असा रंग द्यायचा की माणसं खुशाल तिला टेकायला जायची. मग पडायची, पण तो भाग वेगळा.

अडचण एकच होती. त्यानं उभं केलेलं काहीही आठ-पंधरा दिवसांच्या वर टिकायचं नाही. टिकायचंच नसायचं ते! उतरवायचा दिवस आला की मिस्त्री भल्या सकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर व्हायचे, फळीचं दुसरं टोक तंद्रीनाथ धरायचा आणि दुपारपर्यंत अख्खा महाल टेम्पोत! वर्षानुवर्षांची सवय ती. उतरवायचा दिवस उजाडला की दोघांना कुणी सांगावं लागत नसे, हात आपोआप कामाला लागत.

तंद्रीनाथ हे नाव त्याला बायकोनं ठेवलेलं. खरं नाव फक्त आईच्या लक्षात होतं आणि तीही ते रागावल्यावरच वापरायची. माणूस मोठा गुणी, पण बोलता बोलता हरवायचा. भाजी आणायला जायचा आणि समोरच्या भिंतीवर झाडाची सावली हलताना दिसली की बघत उभा राहायचा. भाजीवाला दुकान बंद करून घरी जाऊन जेवायचा, हा तिथेच! स्टुडिओ त्याच्या घराखालच्या गॅरेजात होता. स्टुडिओ म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, रंगाच्या डब्यांचा डोंगर आणि मिस्त्री. संपली यादी.

बायको शाळेत गणित शिकवायची. सगळे तिला बाई म्हणायचे, म्हणून आपणही बाईच म्हणू.

आता असा माणूस ज्या घरात राहतो, त्या घराचा हॉल कसा असेल? तुम्ही म्हणाल, बघत राहावा असा असेल. हो, लोक बघतच राहायचे! सोफ्यामागच्या भिंतीवर रंगांची ठिगळं होती. एक पिवळं, तीन हिरवी, एक असं की त्याला कुठला रंग म्हणावं यावर घरात दोन तट पडले होते. "ठरवतोय गं," असं म्हणत तंद्रीनाथ दर मोसमाला एक नवीन ठिगळ लावायचा. छतातून वायर लोंबत होती, तिच्या टोकाला उघडा बल्ब. त्यावर शेड येणार होती. मुलगी चिमणी पाळण्यात होती तेव्हापासून येणार होती. चिमणी आता चौथीत गेली, तरी शेड आपली वाटेतच!

सुट्टी लागली आणि बाई चिमणीला घेऊन बहिणीकडे निघाली. बॅग दारात ठेवून ती मागे वळली.

"अहो," ती म्हणाली.

इथे तुम्हाला सांगायला हवं, की एरवी बाई त्याला 'तू' म्हणायची. 'अहो' आलं की समजायचं, आपलं काही खरं नाही!

"अहो, मी परत येईन तेव्हा हा हॉल झालेला असेल. नसला, तर मी चकचकीतला बोलावणार."

तंद्रीनाथच्या पायाखालची जमीन सरकली. चकचकीत म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचा दुसरा डिझायनर. त्याच्या कामात जिकडे तिकडे आरसे, आणि दिवे असे की दर मिनिटाला खोलीचा रंग बदलणार. त्यानं सजवलेल्या एका दुकानात गिऱ्हाईक स्वतःच्याच प्रतिबिंबाला "जरा सरकता का?" म्हणाल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं.

"चकचकीत? माझ्या हॉलमध्ये?"

"तुमच्या नाही, माझ्या. दुसऱ्यांची दुकानं सजवतोस आणि आम्ही बल्बकडे बघत जेवतो. कंटाळले मी आता. खरंच कंटाळले."

शेवटचं वाक्य ती हळू म्हणाली आणि पुन्हा 'तू'वर आली होती. ते त्याला जास्त लागलं.

"हात्तिच्या!" तो छाती काढून म्हणाला. "एवढंच ना? एवढासा हॉल! तू येशील तेव्हा ओळखणारसुद्धा नाहीस!"

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

बाई गेली. तंद्रीनाथ हॉलचा विचार करायला म्हणून सोफ्यावर टेकला. दुपार होती. खिडकीतून ऊन आत आलं, जमिनीवर लांब झालं, टेबलाच्या पायाशी जाऊन थांबलं. आतल्या खोलीत आई गुणगुणत होती. सोफ्याला मध्यभागी एक खळगा होता, त्यात माणूस अलगद उतरायचा आणि बाहेर यायचं विसरायचा. तंद्रीनाथला वाटलं, ही खोली पाण्याखाली आहे आणि आपण तळाशी बसून वरचा उजेड बघतोय. किती छान! भिंत निळी हवी. पहाटे जाग येते आणि अजून उठायचं नसतं, तेव्हा खिडकीत असतो ना, तसा निळा...

फोन वाजला.

"साहेब, झोपला होतात का?" पलीकडे पडदेशेठ होते. बाजारातल्या सगळ्यात मोठ्या पडदे-गाद्यांच्या दुकानाचे मालक. "मला काच सजवून हवी. माणसं नुसती थांबता कामा नयेत. त्यांना घरी जाऊन पडावंसं वाटलं पाहिजे! जमेल? नाहीतर चकचकीत म्हणत होता की—"

"माझं ठरलंय!" तंद्रीनाथ ओरडला. "निळी भिंत, संध्याकाळचा उजेड, एक खोली! लोक काचेला नाक लावून उभे राहतील, शेठ!"

फोन ठेवल्यावर त्याला आठवलं की ती निळी भिंत आपण कुणासाठी बघत होतो. पण म्हटलं, आधी काच, मग हॉल. वेळ आहे भरपूर!

काचेतली भिंत निळी झाली. एका सकाळीच! घरी ज्याला इतकी वर्षं रंग सुचेना, त्यानं तिथे डोळे मिटून डबा उघडला. त्याचं कारण त्याला मनातल्या मनात ठाऊक होतं. आठ-पंधरा दिवसांपुरतं ठरवायचं असलं की तो राजा असायचा. कायमचं म्हटलं की त्याचा हात थरथरायचा.

मग भाड्यानं आणलेला नवा कोरा सोफा ठेवला, नवं टेबल ठेवलं, नवी खुर्ची ठेवली. मिस्त्री आणि तो रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

"कसं वाटतंय, मिस्त्री?"

"दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतंय, साहेब."

खरं होतं! सोफा असा अंग चोरून बसला होता जसा पहिल्यांदाच घरी आलेला पाहुणा. टेबलाला एक ओरखडा नाही. खुर्चीत जन्मात कुणी पेंगलं नव्हतं. तंद्रीनाथ उदास होऊन घरी आला, हॉलमध्ये शिरला आणि आपल्या खळग्यात उतरला. उतरता उतरताच त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"मिस्त्री! टेम्पो आणा!"

"साहेब, बाई जीव घेतील," मिस्त्री शांतपणे म्हणाले आणि टेम्पो आणायला गेले.

सोफा गेला. चहाच्या कपांचे गोल गोल डाग पडलेलं टेबल गेलं. पाच मिनिटं मागे चालणारं घड्याळ गेलं. आईची आरामखुर्ची उचलायला गेले, तर आई तिच्यात बसलेली.

"आई, थोडे दिवस फक्त. आणि हॉल रंगवायचाच आहे ना, रिकामा व्हायलाच हवा!"

"ने की," आई म्हणाली. "पण दुपारी मी कुठे पडायचं ते सांग."

"तू काय, कुठेही..." असं म्हणता म्हणता तंद्रीनाथची नजर स्वयंपाकघराच्या चौकटीवर गेली आणि तो हरवला. चौकटीवर एक लाकडी पट्टी बसवलेली होती. त्यावर दर वाढदिवसाला चिमणीला उभं करून पेन्सिलीनं रेघ मारलेली. खालची रेघ गुडघ्याएवढी, वरची पार छातीपर्यंत. एकेका रेघेशी बाईचं नीटनेटकं गणिती अक्षर. घर म्हणजे दुसरं काय असतं? त्यानं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान हलवली, सुस्कारा सोडला आणि स्क्रू ड्रायव्हर काढला.

त्या संध्याकाळी काचेत दिवे लागले आणि मंडळी, काय सांगू! निळी भिंत श्वास घेतेय असं वाटत होतं. पडदेशेठच्या दुकानातलं जाड, मऊ, धुक्याच्या रंगाचं कापड सोफ्यावर चढलं होतं; तोच खळगा आता ढगाला पडल्यासारखा दिसत होता. पडद्याआडच्या पंख्यानं पडदे जरासे फुगत, जरासे बसत. बल्बवर कागदाची शेड होती. हो, शेड! तंद्रीनाथनं ती उभ्या उभ्या केली होती. रस्त्यावरून धावत निघालेली माणसं काचेपाशी आली की हळू व्हायची. हातातल्या पिशव्या खाली ठेवायची. एक गृहस्थ फोनवर कुणाशी तरी कडकडून भांडत होते, ते काचेसमोर आले आणि म्हणाले, "जाऊ दे रे, तुझंच खरं." आणि फोन ठेवून बघत बसले. गर्दीत चकचकीतही होता. त्याचं नाक काचेला लागलं होतं. तंद्रीनाथला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

"साहेब," पडदेशेठ कुजबुजले, "हे टेबल इतकं जुनं कसं दिसतं हो? कुठून आणलंत?"

खरं बोलायची हीच वेळ होती. पण चकचकीत मागेच कान देऊन उभा!

"आणलं नाही, केलं," तंद्रीनाथ म्हणाला. "नवीन वस्तूला जुनं करण्याची आमच्या स्टुडिओची खास पद्धत आहे. एक-एक डाग हातानं!"

"आणि सोफ्याचा खळगा?"

"तोसुद्धा. फार नाजूक काम आहे ते."

इथेच माशी शिंकली!

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला शेठचा फोन आला. "साहेब, कमाल केलीत! त्या आजी कुठून आणल्यात?"

तंद्रीनाथ धावत बाजारात गेला. काचेत, निळ्या उजेडात, आपल्या आरामखुर्चीत, मांडीवर अर्धवट विणलेला स्वेटर घेऊन आई गाढ झोपली होती! दुपारी पडायला दुसरी जागा नव्हती, मग ती खुर्चीच्या मागे मागे आली होती. बाहेर ही गर्दी! दोन पक्ष पडले होते. एक म्हणत होता बाहुली आहे, दुसरा म्हणत होता नाही, पोट हलतंय.

"आतून पंखा लावलाय पोटात," पहिला पक्ष.

"अहो, घोरतेय ती!"

"तो आवाज रेकॉर्ड केलेला असतो!"

एका पोरानं काचेवर टकटक केलं. आईनं एक डोळा उघडला, त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि पुन्हा मिटला. गर्दीतून "आऽऽ!" असा आवाज निघाला.

"घरच्याच आहेत त्या," तंद्रीनाथ घाम पुसत म्हणाला.

"अगदी घरच्यासारख्याच वाटतात!" शेठ खूश होऊन म्हणाले. "उद्याही पाठवा!"

आईनं उद्याची वाट पाहिली नाही, तिनं तिथलं सगळं वेळापत्रकच लावून घेतलं. जेवण झालं की स्वेटर घेऊन काचेत. जाग आली की शेठकडून चहा. "बाहेर लोक इतके गप्प उभे असतात," ती घरी येऊन सांगायची, "मला तर वाटतं, मीच त्यांचं स्वप्न बघतेय."

आणि मग तो दिवस उगवला. तंद्रीनाथ रिकाम्या हॉलमध्ये, हातात ब्रश घेऊन, ठिगळांसमोर उभा होता. ब्रश निळ्यात बुडवला होता, पण भिंतीला काही लागत नव्हता. कायमचं! हा शब्द मनात आला की हात मागे. तेवढ्यात शेठ पुन्हा फोनवर.

"साहेब, पेढे... नाही, काय हवं ते मागा! विकलं!"

"काय विकलं?"

"सगळं! काचेतलं जसंच्या तसं! एक ताई आल्या, बरोबर लहान मुलगी. कितीतरी वेळ काचेसमोर उभ्या. डोळे पुसत होत्या हो! मग आत येऊन म्हणाल्या, पडदे घेते, सोफ्याचं कापड घेते, पण अट एकच. हे सगळं असंच्या असं माझ्या घरी लागलं पाहिजे. तीच भिंत, तोच दिवा, तीच दाराची पट्टी! मी म्हटलं, ताई, तुम्ही एवढं घेताय, तर पडद्यांवर सोफा फुकट! टेबल फुकट, घड्याळ फुकट, खुर्ची फुकट!"

"फु... फुकट?"

"तुम्ही काय, पुन्हा करालच की! पद्धत आहे ना तुमची! उद्या सकाळी मिस्त्रींना पाठवा, पत्ता देतो. परवा माझ्या काचेत दुसरं उभं करा, आणि माझं दुसरं दुकान आहे, तिथेही एक!"

तंद्रीनाथ भिंतीला टेकला आणि मांडीवर ओला निळा ब्रश घेऊन खाली बसला. चिमणीच्या रेघा! एक-एक वाढदिवस! आणि उद्याच पुढचा वाढदिवस! दुसरीच कुठली तरी बाई त्या पट्टीला टेकवून आपल्या मुलीची उंची मोजणार!

"खरं सांगून टाका शेठना," रंगाचा डबा धरून उभे असलेले मिस्त्री म्हणाले.

"कसं सांगू? चकचकीतसमोर बोललोय मी! सगळ्या बाजारात हसं होईल. आपणच तसं सगळं नवीन करू शकत नाही का, मिस्त्री? ते त्यांना देऊ, आपलं आपण परत आणू!"

"डाग करू, साहेब. ओरखडे करू. पण तो खळगा पडायला तुम्ही लग्नापासून बसताय. त्या ताईंनी तोवर काय उभं राहायचं?"

तंद्रीनाथ बाजारात गेला, काचेभोवती दोन चकरा मारल्या, शेठसमोर तोंड उघडलं, मिटलं, आणि एक उशी विकत घेऊन परत आला. घरी पोहोचला तो दिवेलागण झाली होती. हॉलमध्ये उघडा बल्ब जळत होता. त्याच्याखाली, फरशीवर, बॅगेला टेकून बाई बसली होती!

"अहो, आलात?" ती म्हणाली.

तंद्रीनाथचा उरलासुरला धीर गेला.

"तू... लवकर?"

"चिमणीला वाढदिवस घरी हवा होता. रेघ मारायची असते ना." बाईनं रिकाम्या खोलीभर नजर फिरवली. "वा! खरंच काम काढलंत की! सामान कुठे ठेवलंत?"

"सुरक्षित आहे! म्हणजे... एकदम उजेडात आहे."

"राहू दे तिथेच. कुणाला तरी देऊन टाका. मी आज बाजारात एका काचेत अख्खी खोली पाहिली. इतकी सुंदर! सगळीच्या सगळी घेतली. उद्या लागणार."

तंद्रीनाथच्या हातातली उशी पडली. म्हणजे ती ताई! एका क्षणात त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि दुसऱ्या क्षणात त्याच जागी मोठा येऊन बसला. बाईनं स्वतःचाच सोफा घेतला होता! उद्या ओळखला म्हणजे?

"ती खोली... मीही पाहिली," तो चाचरत म्हणाला. "तो सोफा मध्ये खचलेला असणार बघ."

"काचेतून कळलं तुम्हाला?"

"अंदाज! टेबल डुगडुगत असणार. डाव्या पायाखाली पुठ्ठा लावावा लागेल. घड्याळ मागे असेल. आपण नवीन बघू ना!"

"नको. मला तसंच हवंय. त्या डिझायनरला म्हणे घर कळतं. शेठ म्हणाले, तोच येऊन लावून देईल. कोण आहे हो तो?"

स्वयंपाकघरात आईला जोराचा ठसका लागला. चिमणी आत पळाली, आणि मग दोघींनाही ठसका लागला.

सकाळी मिस्त्री टेम्पो घेऊन आले. हातातल्या पत्त्याच्या चिठ्ठीकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि सामान उतरवायला लागले. आता सुटका नव्हती! गिऱ्हाइकानं काचेतल्यासारखी भिंत मागितली होती, आणि गिऱ्हाईक दारात हाताची घडी घालून उभं होतं. तंद्रीनाथनं डोळे मिटले, ब्रश बुडवला. पिवळं ठिगळ निळ्याखाली गेलं, तिन्ही हिरवी गेली, दोन तट पाडणारं ठिगळही गेलं. हात थरथरला, पण थांबला नाही. पडदे लागले. शेड लागली. सोफा आपल्या जागी बसला तेव्हा मिस्त्रींनाही भरून आल्यासारखं झालं. पट्टी चौकटीवर गेली तेव्हा ऊन कलत होतं.

बाईनं खिडकीचं एक उघडं दार ओढून घेतलं, आणि उजेड हळूहळू निळा झाला. आई खुर्चीत विणत बसली होती. चिमणी पट्टीला टाचा लावून ताठ उभी राहिली, बाईनं पेन्सिलीनं नवी रेघ मारली. मागच्या रेघेच्या बरीच वर! तंद्रीनाथला पुन्हा वाटलं, आपण सगळे पाण्याच्या तळाशी आहोत आणि वर जायची काही घाई नाही. मग तो बाईकडे वळला.

"बाई," तो म्हणाला, "हे सगळं आपलंच आहे."

"हो का?"

"आपलाच सोफा. आपलंच टेबल. मीच नेलं होतं. चुकलो मी."

बाईनं पेन्सिल कानामागे खोचली. "अरे, मी गणित शिकवते, पण मला दिसतंही! मी काचेसमोर जाऊन उभी राहते तर आत माझी सासू घोरतेय! सोफा एक वेळ ओळखू आला नसता, पण आई?"

आई विणता विणता म्हणाली, "मी घोरत नव्हते. डोळा मारला की मी तुला."

"मग शेठ म्हणाले, डोळे पुसत होतीस..."

बाईनं सोफ्याच्या खळग्यावरून हात फिरवला. "मग काय करणार? लग्न झाल्यापासून त्या सोफ्यावर बसतेय मी. तो इतका छान दिसतो, हे मला रस्त्यावर उभं राहून कळावं? अनोळखी लोकांसाठी तू शेड केलीस. आमच्यासाठी नाही. वाटलं, आम्ही काय काचेबाहेरच उभं राहायचं?"

तंद्रीनाथ एवढासा झाला. "चुकलं तर उतरवता येतं ना तिथलं," तो म्हणाला. "कायमचं करायचं म्हटलं की मला भीतीच वाटते गं."

"लग्न केलंस तेव्हा कुठे गेली होती भीती? मला काय टेम्पोत घालणार होतास?"

मिस्त्री खो-खो हसले. मग चहा झाला. टेबल डुगडुगलं, डाव्या पायाखाली पुठ्ठा लागला, आणि खोली पूर्ण झाली.

शेठना खरं सांगायला बाईच बरोबर गेली. ते ऐकून शेठ विचारात पडले. मग दुकानात कुणी नाही असं बघून तंद्रीनाथच्या कानाशी आले. "मग साहेब, पुढची काच माझ्याच हॉलमधून करू या. फक्त आमच्या घरी कळू देऊ नका!"

आता सगळं सुरळीत झालं, असं तुम्हाला वाटलं ना? तंद्रीनाथलाही वाटलं. खळग्यात उतरून तो रोज संध्याकाळी निळ्या भिंतीकडे बघायचा आणि येईल त्याला सांगायचा, "हे मात्र कायमचं हं! इथे मी तडजोड केली नाही!" बाईनं चकचकीतचं नाव पुन्हा काढलं नाही. ती त्याला दिवसभर 'तू' म्हणत होती.

आणि एका सकाळी ती चहा घेऊन हॉलमध्ये आली. खिडकीत कोवळं ऊन होतं. पडदे घडी घालून खाली ठेवले होते. घड्याळ काढून सोफ्यावर निजवलं होतं. मिस्त्री स्टुलावर चढून चौकटीवरच्या पट्टीचा शेवटचा स्क्रू काढत होते. काचेतली ती सजावट उतरवायचा मुळात ठरलेला दिवस होता तो. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

पट्टीचं दुसरं टोक धरून, समोरच्या भिंतीवर पडलेल्या सावलीकडे बघत, तंद्रीनाथ उभा होता.

"अहो!" बाई म्हणाली.